फ्लॉरेन्समध्ये दोनच दिवस आहेत आणि सोबत सत्तरीचे आई-बाबा आहेत. काय पाहावं, काय सोडावं?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात रोमहून फ्लॉरेन्सला जाताय, दोन दिवस हातात आहेत, बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी आहे आणि यादीत एकवीस ठिकाणं झाली आहेत. आधी ती यादी फाडून टाका.

मी पहिल्यांदा गेले ती मैत्रिणीबरोबर, अशीच यादी घेऊन. सोळा ठिकाणांवर बरोबरच्या खुणा केल्या आणि घरी आल्यावर कुठलं चित्र कुठल्या चर्चमध्ये पाहिलं ते दोघींपैकी एकीलाही सांगता येईना. २०२२ मध्ये आई आणि मावशीला घेऊन गेले तेव्हा एकच नियम केला: दिवसाला एक तिकीट. बाकीचं शहर फुकट आहे आणि ते रस्त्यावर, भिंतींवर, पायाखालच्या फरशीवर आहे. तेवढं नीट पाहायलाही दोन दिवस पुरत नाहीत.

जायचं कसं, ते आधी. रोमहून वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो. स्टेशनच्या फलकावर फ्लॉरेन्स शोधू नका, तिथे ‘फिरेंझे’ लिहिलेलं असतं आणि तुम्हाला उतरायचंय ते सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर. तिथून मुख्य कॅथीड्रल दहा मिनिटं चालत, कॅथीड्रलपासून नदी आणखी दहा मिनिटं. झालं जुनं गाव. रस्ते दगडी आहेत, त्यामुळे बाबांना जाड तळव्याचे बूट घ्या, चपला नकोत.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर डोक्यातून काढा. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. अडवायला पोलीस नसतो, शिट्टी वाजत नाही, वर नुसते कॅमेरे असतात. पहिल्या खेपेला आम्ही हॉटेल शोधत एकाच चौकातून तीनदा गेलो. सात महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर तीन दंड आले, प्रत्येक फेरीचा वेगळा. शिवाय गाडी देणाऱ्या कंपनीने, आमचा पत्ता तिकडच्या पोलिसांना कळवण्याचं काम केलं म्हणून आमच्याच कार्डावरून वेगळे पैसे कापले. त्या पैशांत दोघींचं जेवण आठवडाभर झालं असतं.

आता कॅथीड्रल. त्याच्या घुमटावर चढता येतं, ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि शेवटचा टप्पा दोन घुमटांच्या मधल्या बोळातून वाकून. शेजारचा घंटाघराचा मनोरा ४१४ पायऱ्यांचा, तिथेही लिफ्ट नाही. बाबांना दोन्ही नको. तुम्हाला स्वतःला हौस असेल तर त्यांना खाली कॉफी प्यायला बसवा आणि जाऊन या. घुमटाची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, ऐनवेळी मिळेल या आशेवर राहू नका.

पण त्या घुमटाची गोष्ट मात्र आई-बाबांना खालूनच सांगा. कॅथीड्रलचं काम सुरू झालं १२९६ मध्ये. शंभर-सव्वाशे वर्षांनी भिंती वर गेल्या आणि मधे भलंमोठं अष्टकोनी भोक उरलं. ते झाकायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं. कमान बांधताना खालून लाकडी साचा द्यावा लागतो, आणि एवढ्या रुंदीचा, एवढ्या उंचीवर टेकेल असा साचा करायला लाकूड आणायचं कुठून? ब्रुनेल्लेस्की नावाचा माणूस म्हणाला, साच्याशिवाय बांधतो. तो मूळचा सोनार. त्याने आत एक, बाहेर एक असे दोन घुमट घेतले आणि विटा नुसत्या आडव्या न रचता मधूनमधून उभ्या लावत गेला, माशाच्या काट्यासारख्या. उभी वीट शेजारच्या आडव्या विटांना धरून ठेवते, चुना वाळेपर्यंत ओळ घसरत नाही. १४२० ला सुरू झालेलं काम १४३६ ला संपलं. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळते. माझ्या मावशीने मान वर करून पहिला प्रश्न हाच विचारला की गिलावा करणारे कशावर उभे राहिले असतील.

आत जायला तिकीट नाही, रांग मात्र असते. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा जाऊ नका, आणि गुडघे-खांदे झाकलेले असू द्या. आत शिरल्यावर बहुतेकांचा थोडा विरस होतो, कारण बाहेर हिरवा-गुलाबी-पांढरा संगमरवर आणि आत सगळं उघडं-बोडकं. सगळे घुमटातलं चित्र पाहायला पुढे पळतात. तुम्ही आत शिरल्यावर मागे वळा. दाराच्या वर एक मोठं घड्याळ आहे, पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेलं. काटा एकच, आकडे चोवीस, आणि काटा उलटा फिरतो. त्यांचा दिवस सूर्यास्ताला संपायचा, चोविसावा तास म्हणजे मावळतीचा. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, त्यांचा मावळतीपासून मावळतीपर्यंत. हे घड्याळ अजून चालतं. त्यांचं जुनं नवीन वर्षसुद्धा जानेवारीत नाही, २५ मार्चला लागायचं, अगदी अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत. म्हणजे आपल्या पाडव्याच्या आगेमागे. हे ऐकून आई एकदम त्या गावाशी नातं असल्यासारखं वागायला लागली.

बाहेर आलात की कॅथीड्रलसमोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहापाशी सोनेरी दरवाजासमोर गर्दी दिसेल. सगळे फोटो काढत असतात. तो दरवाजा नक्कल आहे. अस्सल दरवाजा घुमटाच्या मागच्या बाजूला, कॅथीड्रलच्याच संग्रहालयात आहे, काचेमागे. दोनापैकी एक तिकीट याचं काढा, असं माझं ठाम मत आहे. लिफ्ट आहे, गर्दी कमी, बसायला जागा.

गिबेर्ती या कारागिराने त्या दरवाजावर १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं घालवली. दहा चौकोन, प्रत्येकात बायबलच्या जुन्या करारातली एक गोष्ट. पुढची माणसं कांस्यातून जवळजवळ सुटून बाहेर आलेली, मागची झाडं आणि इमारती नखाने ओढाव्यात इतक्या उथळ. बाबांना सांगा, चौकटीवरची छोटी डोकी पाहा. त्यात एक टकलू आहे, भुवया जरा उंचावलेल्या, ओठांवर काम फत्ते झाल्याचं हसू. तो स्वतः गिबेर्ती. त्याआधी १४०१ मध्ये याच इमारतीच्या दुसऱ्या एका दरवाजासाठी स्पर्धा झाली होती. त्यात गिबेर्ती जिंकला आणि ब्रुनेल्लेस्की हरला. हरलेल्याने पुढे घुमट बांधला. एका गावातले दोन सोनार, आणि समोरासमोर उभी असलेली ही दोन कामं.

याच संग्रहालयात मायकेलअँजेलोने सत्तरी ओलांडल्यावर स्वतःच्या थडग्यासाठी कोरायला घेतलेली एक मूर्ती आहे. मेलेल्या ख्रिस्ताला मागून सावरणारा म्हातारा दिसतो, त्याचा चेहरा मायकेलअँजेलोचा मानतात. मनासारखी होईना म्हणून त्याने स्वतःच हातोडा घातला होता, ख्रिस्ताचा डावा पाय अजून नाही. माझ्या आईला अख्ख्या फ्लॉरेन्समध्ये हीच मूर्ती सर्वांत आवडली. ती समोरच्या बाकावर वीस मिनिटं बसून होती.

बाहेर पडल्यावर घुमटाच्या मागच्या चौकात फरशीत एक पांढरी गोल संगमरवरी तबकडी शोधा. पाटी नाही, लोक तुडवून जातात. घुमटाच्या टोकावर सोनेरी गोळा दिसतो ना, तो सोळाशेच्या सुमारास वीज पडून खाली आला होता. आला तो इथे.

दुसरं तिकीट उफ्फीत्सी या चित्रसंग्रहालयाचं. उफ्फीत्सी म्हणजे चक्क ‘कचेऱ्या’. इथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या कोसिमोने १५६० मध्ये सरकारी खात्यांसाठी वासारी या वास्तुकाराकडून ही इमारत बांधायला घेतली आणि वरच्या मजल्यावर घराण्याची चित्रं-शिल्पं ठेवली जाऊ लागली. ती आजही तिथे आहेत याचं श्रेय एका बाईला जातं. आना मारिया लुईसा ही त्या घराण्यातली शेवटची. १७३७ मध्ये गादी परक्या घराण्याकडे जाताना तिने करारात लिहून घेतलं की यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जायची नाही. संस्थानं खालसा झाली तेव्हा आपल्याकडच्या किती जामदारखान्यांचं काय झालं, ते आठवून पाहा.

हे पहिल्या दिवशी करा, सकाळची पहिली वेळ घ्या. सोमवारी बंद असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतं, म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका. सगळी दालनं करायची नाहीत. बोत्तिचेल्ली या चित्रकाराच्या दालनात शिंपल्यातल्या व्हीनसच्या चित्रापुढे माणसांची भिंत असते. तिला दुरून नमस्कार करा आणि ‘वसंता’पुढे उभे राहा. त्या चित्रातल्या बायकांपेक्षा त्यांच्या पायाखालचं गवत पाहा. एकेक फूल ओळखता येईल असं रंगवलंय. मग मार्गिकेच्या टोकाच्या मोठ्या खिडकीशी जा. तिथून नदी आणि जुना पूल दिसतो, आणि पुलाच्या दुकानांवरून जाणारी बारक्या खिडक्यांची एक लांब ओळ दिसते. हा वासारीचा बंदिस्त रस्ता. १५६५ मध्ये पाच महिन्यांत बांधला, राजवाड्यातून कचेरीत जाताना प्रजेत मिसळायला नको म्हणून. पुलाच्या पलीकडच्या टोकाला मान्नेल्ली कुटुंबाने आपला मनोरा पाडू दिला नाही, तेव्हा राजाचा रस्ता मनोऱ्याला वळसा घालून गेला. ते वळण अजून दिसतं.

पूल १३४५ चा. पूर्वी त्यावर खाटकांची दुकानं होती. डोक्यावरून जाणाऱ्या राजेसाहेबांना वास सहन होईना, तेव्हा १५९३ मध्ये खाटकांना हलवून सोनार बसवले. ते अजून आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी गावातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला. सोनं घेऊ नका, उगाच.

उफ्फीत्सीतून बाहेर आलात की सिन्योरिया चौक. इथे बाजूच्या उघड्या कमानींच्या मंडपात दगडी कट्ट्यावर बसायचं. खायचं नाही, पोलीस हटकतात, नुसतं बसायचं. चेल्लिनीने घडवलेला ग्रीक कथेतला वीर, कांस्याचा पर्सियस, तिथे मेडुसाचं मुंडकं धरून उभा आहे. त्याला मागून पाहा. शिरस्त्राण आणि मानेवरचे केस मिळून दाढीवाल्या माणसाचा चेहरा दिसतो. चौकातला मायकेलअँजेलोचा उघडा डेव्हिड नक्कल आहे, मूळ १८७३ मध्ये अकादेमिया या संग्रहालयात हलवला. कारंज्याजवळ फरशीत एक गोल पाटी आहे. गावाला चैनीच्या वस्तू होळीत टाकायला लावणाऱ्या साव्होनारोला नावाच्या साधूला २३ मे १४९८ रोजी याच जागी फाशी देऊन जाळलं.

अकादेमिया मी सोडायला सांगेन. हे ऐकून लोक चिडतात, तुम्हीही चिडाल. डेव्हिड भव्य आहे, वाद नाही. पण रांग, गर्दी आणि एका मूर्तीसाठी गेलेला अर्धा दिवस, सत्तरीच्या माणसांना हे झेपत नाही. हुकलं म्हणून खरी हळहळ वाटावी ती त्याच्या वाटेवरच्या अर्धवट कोरलेल्या ‘कैद्यां’ची. दगडात रुतून बसलेली माणसं, छिन्नीचे ओरखडे तसेच.

पहिल्या दिवशी दुपारी चौकाच्या मागून व्हिया दे नेरी या गल्लीने सांता क्रोचेकडे चालत जा. गल्लीत सँडविचसाठी लांबलचक रांग लागलेली असते, तिला बाजूला ठेवून व्हिया सान रेमिजिओचा कोपरा गाठा आणि वर बघा. भिंतीवर दोन खुणा आहेत. खालची जुनी, दगडात लाटेसारखी रेघ आणि तिच्याकडे बोट दाखवणारा कोरलेला हात. ४ नोव्हेंबर १३३३ ला आर्नो नदीचं पाणी इथवर आलं होतं. तिच्या वर दुसरी पाटी, ४ नोव्हेंबर १९६६. तारीख तीच, मध्ये ६३३ वर्षं, आणि पाणी आधीच्यापेक्षा वर.

आम्ही सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी दाराच्या कडीपर्यंत होतं. आई त्या कोपऱ्यावर मान वर करून उभी राहिली आणि मावशीला म्हणाली, “बघ, यांनी हातसुद्धा काढलाय.” आमच्या दारावर बाबांनी ऑइलपेंटने रेघ ओढून तारीख घातलीय, शेजारी २००५ ची आधीची रेघ आहे. त्या गल्लीतून हलायला आम्हाला अर्धा तास लागला. एवढा वेळ आम्ही बोत्तिचेल्लीलाही दिला नव्हता.

त्यानंतर मात्र माझा एका तिकिटाचा नियम मोडा आणि सांता क्रोचे चर्चमध्ये जा. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माकियाव्हेल्ली तिथे पुरलेले आहेत. कवी दान्तेचंही भलंमोठं थडगं आहे, पण रिकामं. गावाने त्याला हद्दपार केलं, तो राव्हेन्नात वारला, आणि राव्हेन्नाने अस्थी काही परत दिल्या नाहीत. पण मी पाठवतेय ते चिमाबुए या जुन्या चित्रकाराने रंगवलेल्या लाकडी क्रूसासाठी. १९६६ च्या पुरात गाळ आणि भट्ट्यांच्या तेलाच्या पाण्यात तो बुडाला आणि त्यावरचा बराचसा रंग निघून गेला. दुरुस्त करताना गेलेला रंग खोटा भरला नाही, गेलेल्या जागा गेलेल्या दिसतात. पुरानंतर जगभरातून पोरं आली आणि गाळातून पुस्तकं, चित्रं हातोहात बाहेर काढली. तिथले लोक त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात.

खाण्याचं. आईसाठी दोन नावं पाठ करा: रिबोल्लिता आणि पाप्पा अल पोमोदोरो. पहिलं म्हणजे पांढरा घेवडा, काळसर पालेभाजी आणि शिळा पाव यांचं दाट कालवण, दुसरं म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव. फोडणीच्या पोळीवर वाढलेल्यांना हे आपलंच वाटतं. पाण्याऐवजी मांसाचं सूप वापरलंय का, तेवढं विचारा. तिथल्या पावात मीठच नसतं, तो खराब झालेला नाही. लसणाची चटणी सोबत असू द्या. हातगाडीवर लाम्प्रेदोत्तो दिसलं तर ते गायीचं चौथं जठर आहे, आईसमोर भाषांतर करू नका. कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात की दर वेगळा. तुम्ही बसाच, बाबांच्या गुडघ्यांपुढे ते दोन-तीन युरो काही नाहीत. बिलात ‘कोपेर्तो’ दिसलं की भांडू नका, तो माणशी बसण्याचा आकार असतो.

पहिल्या संध्याकाळी १२ किंवा १३ नंबरच्या बसने पियाझाले मिकेलांजेलोला जा. सगळं गाव एका नजरेत. सगळेच सांगतात, बरोबर सांगतात.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयानंतर सान्तिस्सिमा अनुन्झियाताच्या चौकात ऊन खात बसा. तिथल्या लांब कमानींवर निळ्या तबकड्यांत दुपट्यात गुंडाळलेली पांढरी तान्ही बाळं आहेत. हा अनाथाश्रम, तोही ब्रुनेल्लेस्कीचाच, १४१९ ला काम सुरू झालेलं. ओसरीच्या डाव्या टोकाला जाळीची छोटी खिडकी आहे, तिथून रात्री-अपरात्री मूल आत सरकवून आई निघून जायची. १८७५ पर्यंत हे चालू होतं. काही आया नाणं किंवा पदक मोडून अर्धं बाळाबरोबर ठेवत आणि अर्धं स्वतःजवळ, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. ते अर्धे तुकडे आत जपून ठेवलेत.

आणि आता जे कुठल्याच यादीत नसतं ते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, वयाच्या विसाव्या वर्षी इंग्लंडचा दौरा आटोपून परतत होते. फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं आणि दहन तिथे कोणी पाहिलेलंही नव्हतं. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मँट या इंग्रज वास्तुकाराचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस उभारला. छत्रीखाली फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, डोक्यावर पागोटं, गळ्यात मोत्यांच्या माळा. शेजारच्या मोठ्या पुलाचं नाव ‘पोन्ते अल्लिंदियानो’, म्हणजे भारतीय माणसाचा पूल. रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी कितीजणांना तो माणूस कोल्हापूरचा हे ठाऊक असेल कोण जाणे.

ही जागा जुन्या गावात नाही, काश्चिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला आहे. ट्राम उद्यानाच्या गावाकडच्या बाजूला सोडते आणि तिथून जवळजवळ तीन किलोमीटर चाल पडते, तेव्हा टॅक्सीच करा. चालकाला ‘मोनुमेन्तो अल्लिंदियानो’ म्हणा. अंधार पडायच्या आत पोहोचा आणि तीच टॅक्सी थांबवून ठेवा, परतीला तिथे दुसरी मिळत नाही. आम्ही सोडून दिली होती, मग मावशीला घेऊन झाडीतून ट्रामपर्यंत पाऊण तास चाललो.